अक्का, तुला ऐकू येत होतं का?

प्रिय अक्का,

तुला जाऊन वर्ष होत आलं. आज लिहायला बसलो, कारण मी भ्यालोय.

परवा जुन्नरच्या बाजारात भाषण करताना माझ्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द जिभेवर येईना! लोकांना वाटलं, मी गहिवरलो. टाळ्या पडल्या.

तुझंही असंच सुरू झालं होतं ना? उजव्या हातातून जात्याचा खुंटा सुटला, संध्याकाळपर्यंत वाचा गेली.

आज डॉक्टरांनी समजावलं. हुकूम मेंदू देतो, तंतू तो पाठीच्या कण्यातून हातापायांना पोचवतात. पण मानेच्या वर ते बाजू बदलतात, म्हणून उजवा हात डाव्या मेंदूच्या ताब्यात. बोलण्याची जागाही बहुधा डावीकडेच.

“मग वाचा गेलेल्याला काही कळतं का?” मी विचारलं.

“पुष्कळदा सगळं कळतं. समजण्याची जागा निराळी असते.”

अक्का, मी त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

डिंगोरे गावातलं तुझं अंगण आठवतं? दाजी पारवा घेऊन आले होते. “भाऊ, पारव्याचं गरम रगत चोळलं की हात उठतो. लई जणांचा उठलाय.”

“दाजी, बिघाड डोक्यात आणि तुम्ही हात रंगवताय?” मी पारवा उडवून दिला आणि जमलेल्या गावाला तासभर सुनावलं. रक्ताबद्दल मी बरोबरच होतो, आजही तेच म्हणेन! पण त्या आवेशात तुझ्याकडे बोट करून म्हणालो, “अक्का संपली. हिला आता काही कळत नाही. हे नुसतं शरीर उरलंय.”

तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

“तिला कळतंय भाऊ, बघा की!” दाजी म्हणाले.

“शिरा चाळवल्या की येतं पाणी,” मी म्हणालो. एवढी पुस्तकं वाचून हे!

दाजी मात्र रोज तुझ्या कानाशी बसून गाय व्याली, मिरची तोडली, सगळं सांगत राहिले. तू जाईपर्यंतच्या त्या अकरा दिवसांत मी एकदा तरी तुझ्याशी बोललो का गं?

आणि तू तरी अशी कशी? डावा हात चालत होता ना? एक थोबाडीत द्यायची होतीस!

ते ऐकून तू आत काय केलंस? हाका मारल्यास? मला मरणाची भीती नाही, अक्का. मी असाच पडलेला असेन, सगळं कळत असेल आणि दारात माझ्यासारखाच कुणी शहाणा उभा राहील, याची भीती वाटते.

डॉक्टरांनी भाषणं बंद करायला सांगितलंय. पण एक करणार. येत्या रविवारी त्याच बाजारात उभा राहीन आणि तुला काय बोललो ते सगळ्यांसमोर सांगेन. जीभ अडलीच तर पुढचं दाजी सांगतील, मी त्यांना शेजारी उभं करणार आहे. मघाशी विचारत होते, “आन् पारव्याचं पण सांगू का?”

म्हटलं, त्यावर नंतर भांडू. आधी अक्काचं सांगा.

तुझा धाकटा,
सदा