शंभर अधिक वय

सोमवार, दिवे लागल्यावर

जीव नुसता चरफडतो आहे. आज भोकरदनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, एकशे चौसष्ट म्हणजे प्रेशर जास्त आहे." मी सांगितलं, शंभरात वय मिळवायचं असतं. माझं एकाहत्तर, मग एकशे एकाहत्तरपर्यंत बराबरच. पारावर सगळे हेच सांगतात. त्या म्हणाल्या, "वय वाढलं म्हणून हद्द वाढत नाही. एकशेचाळीसच्या खालीच हवं, तुमचं काय अन् सोबतच्या या मुलाचं काय." म्हाताऱ्याला आणि तरण्या पोराला एकच हद्द? हा कुठला न्याय?

त्यांना खोटं पाडायला गजाननलाच पुढे केलं. माझा थोरला, अडतीस वर्षांचा. एकशे अडुसष्ट निघालं. माझ्यापेक्षा जास्त, माझ्या हिशेबानेही जास्त. मला बाईंनी गोळ्या दिल्या, कारण माझं मागच्या दोन खेपांनाही जास्तच होतं; त्याला म्हणाल्या, एकदा मोजून ठरत नाही, उद्या परत या.

अन् हा रस्ताभर हसत आला. "आबा, कापूस येचायचा सोडून येऊ का? मला कुठं काय दुखून राह्यलं? गोळ्या म्हाताऱ्यायला."

अडतिशीत एकशे अडुसष्ट, आणि हसतो. दुखत नाही म्हणजे काहीच नाही का? सकाळी मीही हेच म्हणत होतो, पण माझं आयुष्य जगून झालं. त्याची पोरगी अजून अंगणवाडीत जाते.

जेवताना गोळी ताटाजवळ ठेवली आणि सांगितलं, "तू उद्या येणार न्हाईस, तर मीबी घेणार न्हाई."

"धमकी देता का, आबा?"

"हो."

सूनबाई त्याच्याकडे बघतच राहिली. शेवटी म्हणाला, "बरं, जाऊ सकाळच्या गाडीनं." तेव्हा कुठे मी गोळी तोंडात टाकली.