रविवारी कोणीच नाही

२ फेब्रुवारी १९८७
सातपूरच्या आमच्या कारखान्यात प्रोग्रामरची कायम जागा एकच. उमेदवार दोन: मी आणि कुसुमताई. निकाल १३ तारखेला. उरेल तो परत स्टोअर्समध्ये. माझा पाळ्यांच्या यादीचा प्रोग्राम आज पुरा! कुसुमताईंची कीव येते. स्वतःच्याच चुका शोधत बसतात आणि वर म्हणतात, डिबगिंगमध्येच खरी मजा. मजा कसली डोंबलाची! मुळात चुका करायच्याच कशाला?

३ फेब्रु., दुपारी ३
यादीत रविवारी एकही नाव नाही. प्रिंटरची रिबन बदलायला सांगितली.

५ फेब्रु.
रिबन नवी. रविवार कोराच. नक्की व्होल्टेज. टाइमकीपर निवृत्ती गांगुर्डे यादी बघून हसले. म्हणाले, काय साहेब, रविवारी कारखाना बंद ठेवायचा का? युनियनची भाषा. दुर्लक्ष केलं.

९ फेब्रु., सकाळी ८
संकल्प: आजपासून डिबगिंगचा आनंद घ्यायचा. एकेक ओळ तपासायची.

८.४०
आनंद घेऊन झाला. डोकं भणभणतंय. चारशे ओळी! लिहिताना एवढ्या वाटल्या नव्हत्या.

११ फेब्रु.
ज्याला जे आवडतं ते त्याला द्यावं. प्रोग्राम कुसुमताईंकडे सोपवला. मन मोठं लागतं. त्या दिवसभर शेंगदाणे खात, गुणगुणत बसल्या होत्या.

१२ फेब्रु.
बग गेला! यादी चोख. कुठे होता ते सांगायला त्या आल्या होत्या. म्हटलं, डिटेल्स नकोत. घरी इंदिराला सांगून टाकलं, जागा आपलीच समज.

१३ फेब्रु.
मॅनेजरसाहेबांनी एकच विचारलं: बग कुठे होता? मी म्हटलं, व्होल्टेज. साहेबांनी कुसुमताईंना बोलावलं. त्या बिचाऱ्या चाचरत म्हणाल्या, विजेच्या टंचाईमुळे आपल्याकडे साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, प्रोग्राममध्ये रविवार घातला होता.
तीन वर्षं दर शनिवारी मी घरी असतो. प्रोग्राम मात्र पुण्याच्या क्लासच्या वहीतून जसाच्या तसा उतरवला. आग लागो त्या वहीला!
जागा कुसुमताईंना. रविवारपासून मी स्टोअर्समध्ये. फार वाईट वाटलं.
घरी आलो तर इंदिरा पेढे वाटून आली होती. अकरा घरं. शेजारच्या सिंधुबाई अभिनंदन करायला थांबल्या होत्या. मी थँक्यू म्हटलं.