एका चटईवर भाऊ-बहीण

हुंगा बेट, वावाऊ
१२ मे १९९१

चि. सेइनी हिस,
आजोबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ईस्टरच्या आधी आलं आणि उत्तर आता लिहितोय, म्हणून रागावू नकोस. बोटं आखडतात, पेनातली शाई वाळली होती, हे खरंच. पण त्याहून खरं म्हणजे काय लिहावं ते सुचेना. स्टेशनपासून तुझ्या खोलीच्या दारापर्यंत एक माणूस मागे मागे चालत आला, हे तू एका ओळीत लिहिलंस, आणि पुढच्या ओळीत सिडनीचा पाऊस. ती ओळ वाचून वाचून कागद तिथे मऊ पडलाय.

आणि त्यावर उपाय काय, तर तू ज्युडो शिकायला लागलीस! पोरी, इथे बहिणीकडे कोणी वाकड्या नजरेनं पाहिलं तर तिचे भाऊ उभे राहतात. तिनं स्वतः हात उचलायचा म्हणजे भाऊ मेले की काय, असं लोक विचारतात. संध्याकाळी कावाची मुळं कुटून प्यायला बसलो, तर शेजारच्या लांगीनं सगळ्यांसमोर विचारलं की काय रे फोलाउ, नात सुट्टीवर आली की आम्ही वाटेतून आधीच बाजूला व्हायचं, की ती उचलून फेकेपर्यंत थांबायचं? सगळे हसले. मीही हसलो, पण वाटी हातात तशीच राहिली. तुझी लुपेमावशी म्हणाली, चटई कमरेला गुंडाळून चर्चला जायचं असतं, तिच्यावर माणसं आपटायची नसतात.

तुझी आई असती तर तिनं काय ते सांगितलं असतं. मी एकटा माणूस. तू गेल्यापासून अळूचा एक गड्डा उकडतो, तोही उरतो, मग डुकराला घालतो आणि त्याच्याशीच बोलत बसतो. ते ऐकतं बरं, पण सल्ला देत नाही.

तर मी एक बंदोबस्त केलाय. लुपेच्या केलेपीला पत्र टाकलंय. तो तिकडेच बांधकामावर आहे आणि मावसभाऊ म्हणजे आपल्यात सख्खाच भाऊ. सेइनीच्या वर्गाला जात जा, तिच्यावर लक्ष ठेव, असं त्याला बजावलंय. आता मला झोप लागेल. गळ्याला काहीतरी गुंडाळत जा. दाराची कडी दोनदा बघत जा.

म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा आजोबा,
फोलाउ


सिडनी
९ जून १९९१

ती. आजोबांस,
सेइनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र केलेपीनंतर पोचलं. आधी आलं असतं तर बरं झालं असतं. रागानं लिहीत नाहीये, पण तुम्हाला कळायला हवं.

वर्ग चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भरतो. आमच्या बाई डोरीन, तुमच्यापेक्षा थोड्याच लहान, आणि उंचीनं माझ्या खांद्याला लागतात. पहिले काही दिवस त्यांनी फक्त पडायला शिकवलं. मग कोणी मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूनं हात कसा सोडवायचा ते. मग ओरडायला. ते मला जमेना. आपल्याकडे मुलीनं आवाज चढवायचा नाही ना. डोरीनबाई म्हणाल्या, अगं, ही हाक आहे की उंदराची शिंक? माझ्याबरोबर इटालियन आजीबाई आहेत, एक नर्स आहे, दोन-तीन मुलगे आहेत. इथे कारखान्यात दिवसभर कोणी माझं नाव घेत नाही, ‘ए, तू’ म्हणतात. वर्गात नावानं हाक मारतात. चुकीचं मारतात, पण मारतात.

मग केलेपी आला. बिचारा दाराशी उभा राहिला होता, माझ्याकडे पाठ करून. बाईंनी सांगितलं की इथे बघ्यांना जागा नाही, बूट काढ आणि चटईवर ये, नाहीतर घरी जा. तुमचा शब्द म्हणून तो आला. त्या दिवशी शिकायचं होतं ते असं, की पुरुषानं खाली पाडून दाबून धरलं तर खालून निसटायचं कसं. बाईंनी उंचीनं जोड्या लावल्या. वर्गात उंच आम्ही दोघंच.

आजोबा, ज्या भावाबरोबर आपल्या रीतीनं मी एका खोलीत बसून सिनेमासुद्धा बघत नाही, त्यानं मला दाबून धरायचं? केलेपीचे कान लाल झाले होते, तो भिंतीकडे बघत होता. मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. बाई दारापर्यंत आल्या, म्हणाल्या, पहिल्यांदा सगळेच घाबरतात गं. घाबरले नव्हते, हे मला त्यांच्या भाषेत सांगताच आलं नाही.

तेव्हापासून वर्गाला गेले नाही. तो असेल तिथे मी कशी जाऊ? आता कामावरून सुटले की दुकानांच्या उजेडातून लांबून येते. तो माणूस मागच्या आठवड्यात पुन्हा स्टेशनवर दिसला. मी तिकीटखिडकीजवळ लोक होते तोवर उभी राहिले.

केलेपीला बोलू नका. त्यानं तुमचं ऐकलं, एवढंच. तब्येतीला जपा, आणि मला विसरू नका.
तुमची,
सेइनी


सिडनी
३० जून १९९१

ती. आजोबांस,
केलेपीचा नमस्कार. वि. वि.

लिहायला लाज वाटते, म्हणून थोडक्यात लिहितो. तुमच्या सांगण्यावरून वर्गाला गेलो तो एकच दिवस. तिथे काय करतात हे मला माहीत असतं तर पाऊल टाकलं नसतं. बहीण उठून गेली, मीही मागच्या दारानं निघालो, परत गेलो नाही.

परवा बाजारात त्या बाई भेटल्या. मला म्हणाल्या, ती उंच मुलगी का येत नाही? चांगलं शिकत होती. म्हणजे मी जागा सोडली तरी तिनं घेतली नाही. तिला कळलंच नसणार. आणि मी तिला ही गोष्ट कशी सांगू? तिच्या दाराशी जाऊन त्या दिवसाचा विषय काढू? तुम्हीच कळवा. आईला यातलं काही सांगू नका.

इकडे काम आहे, थंडी आहे, रविवारी चर्चनंतर कुठे जावं ते समजत नाही. लोभ ठेवा.
आपला,
केलेपी


हुंगा बेट, वावाऊ
२१ जुलै १९९१

चि. सेइनी हिस,
आजोबाचे आशीर्वाद. वि. वि.

हे वाचशील तेव्हा बसून वाच. केलेपी वर्गात नाहीये. तू निघालीस त्याच दिवशी तोही निघाला, आणि पुन्हा तिकडे फिरकलेला नाही. तू त्याच्यासाठी घरी बसलीस, तो तुझ्यासाठी. मधे चटई रिकामी, आणि मी समुद्रापलीकडे, दोघांचीही पत्रं हातात घेऊन.

मला वाटलं होतं शाळेतल्या कवायतीसारखं असेल. पोरी एकीकडे, पोरं एकीकडे, भाऊ फाटकाशी. पुरुष अंगावर घेऊन शिकावं लागतं, हे माझ्या डोक्यात कुठून येणार? आता येतं. तो माणूस फाटकाशी थोडाच थांबणार आहे.

लुपेला विचारून पाहिलं, कशाबद्दल ते न सांगता, की केलेपीनं सेइनीच्या दाराखालून एखादी चिठ्ठी सरकवली तर? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी टोपी उचलून निघालो. पाठीमागून म्हणाली, म्हातारपणी अक्कल गावभर वाटून टाकलीस वाटतं. तेव्हा दुसरा मार्ग नाही, हे पत्रच. विमान गुरुवारी. पुढे तुझ्यापर्यंत यायला दोन आठवडे, कधी तीन. तोवर तू त्या लांबच्या रस्त्यानं चालत राहणार, आणि मला इथून काही करता यायचं नाही.

तू परत जा. केलेपीला मी लिहिलंय की त्या रस्त्यालाच जाऊ नकोस. म्हणजे तिथे तुझं आपलं असं कोणी असणार नाही, सगळे परके. परक्यांनीच तुला खाली पाडायचं आणि तू त्यांच्याच हातून सुटायला शिकायचं. मला नेमकी याचीच भीती होती, आणि आज मीच तुला तिकडे पाठवतोय. लांगी हसेल. हसू दे. डोरीनबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, आमची पोर भित्री नाही.

रोज दुपारी बोटीच्या धक्क्यावर जाऊन बसतो. टपालाची पिशवी घेऊन येणारा पोस्टमन लांबूनच ‘नाही’ म्हणून मान हलवतो, म्हणजे मला उठून उभं राहायला नको. लांब पत्र लिहू नकोस, वेळ मिळत नसेल. चटईवर पुन्हा उभी राहिलीस, आणि घरी पोचलीस, एवढंच लिही. पण लवकर लिही.
तुझा आजोबा,
फोलाउ