कपाटातला मोबाइल

रत्नागिरी, १२ मे २००९

चि. भार्गवीस अनेक आशीर्वाद.

नियमाबरोबर त्याचे कारणही सांगावे, असे मी मानते. म्हणून शाळेची नियमावली लिहिताना प्रत्येक नियमाखाली मी कारण दिले. पाचवा नियम : मोबाइल आढळल्यास जप्त होईल, पालकांनाच परत मिळेल. कारण : लक्ष विचलित होते.

चार वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात तू स्वतःहून मोबाइल पुढे केलास.

"बाई, घाणेरडे मेसेज येतात. नंबर तरी बघा ना."

"आली रडूबाई!" माझी स्वानंदी मागून म्हणाली. मी तिला उभे केले, तुझा मोबाइल कपाटात ठेवला आणि दोघींना समान न्याय दिल्याचे समाधान मानले. तुझे बाबा मुंबईला. मोबाइल न्यायला कोणीच आले नाही. आठवड्याने तू दाखला काढून देवरूखला गेलीस.

काल कपाट आवरताना तो सापडला. चार्ज करून पाहिला. एकोणीस मेसेज, सगळे एकाच नंबरवरून. अडचणी विचारता याव्यात म्हणून मीच फळ्यावर लिहून दिलेला माझा नंबर! संध्याकाळी मी वह्या तपासत असे, तेव्हा माझा मोबाइल स्वानंदीच्या हाती असे.

मला सारे ठाऊक होते, म्हणूनच मी कपाट बंद केले, असे तुला आजवर वाटत असेल.

स्वानंदी आता डी.एड. करते. आताच तिने विचारले, "आई, कुणाला लिहितेस गं?"

मी म्हणाले, "कुणाला नाही."

स्वानंदीची आई,
मालिनी