देव गावाला गेले असताना आईला बेट दाखवलं, त्याची हकीकत

ती. यॉन्सुकताईस,

धाकट्या म्यॉंगसूचा कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे टेकवलं ते मनातल्या मनात, पण भावना पूर्ण वाकलेली आहे.) ओसाकाला थंडी कितपत आहे? दाजींचा खोकला गेला का? पाठवलेली संत्री पोचली असतील. दबलेली निघाली तर पेटी मी भरली असं समज, गोड निघाली तर आईनं निवडली असं समज. इथे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे वाक्य हिवाळाभर मी सवयीनं लिहीत होतो, आज खरं म्हणून लिहितोय. तुला हवी ती बातमी आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील: आई आता एकटी राहत नाही. हे कसं जमलं ते मात्र जरा लांबलचक आहे, आणि त्यात माझी हुशारी शोधायला जाऊ नकोस.

शरदात आई सोयाबीन आंबवायच्या रांजणांच्या ओट्यावरून पडली, तेव्हा तू फोनवर मला जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. (खालच्या मजल्यावरचेही विसरलेले नाहीत. तुला फोन लागतो कशाला, खिडकी उघडून बोललीस तरी ऐकू येईल.) देव वर गेले की त्या आठवड्यात आईला फ्लॅटवर हलव, नाहीतर मी येऊन तिला ओसाकाला उचलून नेते, हा तुझा शेवटचा शब्द. बरोबरच होतं. आपले अठरा हजार देव जानेवारीअखेर बदल्यांसाठी आठवडाभर वर स्वर्गात जातात, कोपायला कोणी नसतं, तेवढ्यातच काय ते घर हलवायचं. आठवडा हुकला की पुढे वर्षभर आई उंबऱ्याबाहेर चमचासुद्धा नेऊ द्यायची नाही. आम्ही खोली रंगवून ठेवली होती, पडदे लावले होते. पण फ्लॅटचा विषय निघाला की आईला ऐकू येईनासं व्हायचं. जन्मभर शंखांसाठी समुद्रात बुड्या मारून कान गेलेत म्हणते. शंखांच्या लिलावाची बोली मात्र तिला रस्त्यापलीकडून ऐकू येते.

म्हणून जंगऑकनं युक्ती काढली. (तुझ्या भावजयीचं डोकं लग्नाआधीपासून चालतं, माझं तेव्हापासून थांबलं.) तिच्या चुलतभावाकडे एक झोपायची गाडी आहे, आत बिछाने, शेगडी, घडीचं टेबल, सगळं. बेट दाखवतो म्हणून आईला बाहेर काढायचं, थोडे किनारे, थोड्या टेकड्या फिरवायच्या, आणि देव परतायच्या आदल्या दिवशी गाडी थेट आमच्या फ्लॅटखाली नेऊन उभी करायची. ठरल्याप्रमाणे मी आईला म्हटलं, जन्म या बेटावर गेला, पण वाळूवर कधी नुसती बसलीस का? ती म्हणाली, “वाळूवर बसायला मी काय खेकडा आहे?” पण लगेच बोचकं बांधायला लागली. इतकी लगेच, की मला तिथेच शंका यायला हवी होती. मला शंका नेहमी पत्र लिहिताना येते.

अट एकच घातली. “जिथं निजायचं ते घर. आणि घरात आधी कुकर जातो, मग माणसं. नाहीतर देव परत आल्यावर विचारतील, ही कोण घुसली म्हणून.” झालं! भाताचा विजेचा कुकर पहिला गाडीत चढला. मग दुसरा चढला, कारण आई स्वतःचा भात स्वतः शिजवते. (सुनेच्या हातचा भात खाण्याइतकी ती अजून म्हातारी झालेली नाही, हे तुला माहीत आहेच. लग्नानंतर आम्ही तिच्याच अंगणातल्या बाहेरच्या घरात होतो, तेव्हाही दोन घरं, दोन चुली होत्या.) दोन्ही कुकर एकदम लावले की गाडीतले दिवे जात. मग सासू-सुना अंधारात “तू आधी”, “नाही, तुम्ही आधी” करत, आणि मी उपाशी.

ह्यॉपजेचा किनारा म्हणजे मुख्य भूमीवरचे लोक विमानानं येऊन ज्याचे फोटो काढतात तो. पांढरी वाळू, काळे खडक, निळं पाणी. आई बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, भारावली. मग म्हणाली, “एवढे शंख आत पडलेत आणि ही माणसं नुसती बघतायत!” तेवढ्यात गावातल्या दोन बायकांनी आमचा कुकर गाडीतून उतरताना पाहिला. देव वर गेलेले, कुकर हातात, गाडीत गाद्या. त्यांनी जो समजायचा तो अर्थ समजून घेतला आणि अर्ध्या तासात नव्या बिऱ्हाडाला द्यायचा आहेर घेऊन आल्या: संडासच्या कागदाच्या गुंडाळ्यांची मोठी थप्पी, भरभराट त्या गुंडाळ्यांसारखी उलगडत जावो म्हणून. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर आईनं माझ्या पायावर पाय दिला आणि त्यांना म्हणाली, “घर लहान आहे, पण गोड मानून घ्या.” पुढच्या किनाऱ्यावर कपड्यांच्या साबणाची पावडर आली, त्याच्या पुढच्या किनाऱ्यावर पुन्हा कागद. शेवटी आम्ही तिघं भरभराटीवर आडवे होऊन झोपायला लागलो.

फ्योसॉनच्या किनाऱ्यावर वाऱ्यानं माझी टोपी नेली. (तुझ्याच दिशेनं गेली आहे, पोचली तर दाजींना होईल.) तिथे आईची जुनी जोडीदारीण मालसुनमावशी भेटली, आई जिच्याबरोबर बुड्या मारायची ती. ती अजून मोसमात संत्र्यांचा ट्रक चालवते. दोघी गाडीत पुढच्या सीटवर बसून बराच वेळ खलबतं करत होत्या. मावशीनं गिअरही हलवून पाहिला. म्हाताऱ्या माणसांना नव्या गोष्टींचं कुतूहल असतं, असं मी जंगऑकला कौतुकानं म्हणालो.

टेकडीवर मात्र माझी फटफजिती झाली. आई, तीच जी रांजणांच्या ओट्यावरून पडते, ती सरळ चढावरून तुरुतुरु पुढे, आणि मी घोड्यांच्या लिदीतून पाय शोधत मागे. वर पोचलो तेव्हा ती जुन्या ज्वालामुखीच्या वाटीसारख्या तोंडाच्या काठावर बसून खाली बघत होती. सगळं बेट, दगडी बांध, संत्र्यांच्या बागा, तिचं गाव. मी ठरवलं होतं की इथे तिला सगळं खरं सांगायचं. दम लागलेला असल्यामुळे पहिलं वाक्य निघेना. तीच म्हणाली, “तुझ्या फ्लॅटातून हे दिसतं का रे?” मी म्हटलं, समोरची इमारत दिसते. ती “बरं,” म्हणाली आणि उतरायला लागली. ताई, त्या क्षणी मला इतकं वाईट वाटलं की उतरताना मी एकदा पडलो तेही जाणवलं नाही. पण एकटी राहून ती पुन्हा पडली तर, हेही डोक्यातून जाईना.

शेवटच्या दिवशी आभाळ फाटलं. गाडीच्या छपराची झडप गळायला लागली, गाद्या भिजल्या, भरभराटीचा लगदा झाला. शहर दूर, आईचं गाव जवळ. आई म्हणाली, “बाहेरच्या घरात पसरा सगळं, जमीन तापलेली आहे.” रिकाम्या घराची जमीन कशी काय तापलेली, हे विचारायचं कुणाला सुचतं अशा पावसात? (शेजारच्या बाईला सांगून तिनं आम्ही निघालो त्या दिवसापासूनच जमीन तापवणारा बॉयलर लावून ठेवला होता, हे नंतर कळलं.) गडबडीत जंगऑकनं आमचा कुकर उचलला आणि सगळ्यांत आधी तोच आत नेला. मग गाद्या, मग मी. आईनं स्वतःचा कुकर उचलला, अंगण ओलांडून आतल्या घरात नेला, आणि भात लावला. आम्ही आमचा लावला. तो शिजतोय तोवर शेजारी दारात उभे, हातात कागदाच्या गुंडाळ्या: “या, या! राहायला आलात ते फार बरं केलंत!”

मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, “देव सकाळी परत यायचेत. आता कुकर हलवायचा तर पुढच्या वर्षी.”

तर असं झालं. आईला न्यायला गेलो आणि आम्हीच आलो. मी चिडायचा प्रयत्न केला, जंगऑक साक्षी आहे, पण जमला नाही. ताई, खरं सांगतो, मला इतकं हायसं वाटलं की जेवताना डोळे पुसावे लागले. संत्र्यांच्या सोसायटीतलं माझं काम इथून जवळ आहे. सकाळी खिडकी उघडली की समोरच्या खिडकीतून आईचे खोकल्याचे, भांड्यांचे, शेजारणीला नावं ठेवण्याचे आवाज येतात. ते आले की मी पुन्हा झोपतो. तिची चूल वेगळी, तिचा ताठा शाबूत, आणि पडली तर अंगण ओलांडायचं तेवढं. जंगऑक खूश आहे. इतकी खूश आहे की तो कुकर गडबडीत उचलला होता का, हे मी विचारलेलं नाही.

तेव्हा आईची काळजी सोड, प्रकृतीला जप, दाजींना आल्याचा चहा दे आणि मुलांना आमचे आशीर्वाद सांग.

तुझा,
म्यॉंगसू

ता. क. फ्लॅटचा बेत होता कुणाचा, असं आईनं नंतर विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. तू लांब आहेस, तुला सोसेल.

ता. क. २. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात अंगणात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. स्टिअरिंगवर मालसुनमावशी, शेजारी आई, मागे त्यांची तिसरी जोडीदारीण आणि तिचा कुकर. गाडी चुलतभावाकडून परस्पर वसंतापर्यंत मागून घेतली आहे. आई काच खाली करून म्हणाली, “इतकी वर्षं घर सोडून जाता येत नव्हतं, बघायला कोणी नव्हतं. आता तुम्ही आहात. रांजणांवर ऊन पडलं की झाकणं काढत जा.”

ता. क. ३. बोटीच्या कचेरीतून आत्ताच फोन होता. बुसान बंदरातून ओसाकाला बोटीवर गाडी चढते का, अशी आईनं चौकशी केली होती, ते ‘हो, चढते’ असं कळवत होते. तुझ्या दारासमोर दाजी सायकली लावतात, त्या जरा हलवून ठेवशील का? गाडी लांबीला बरीच आहे.