हातगुण

३ फेब्रुवारी, सोमवार

एकवीस पॉइंट तीन टक्के! मशीन बंद करून परत चालू केलं. परत तेच. व्होल्टेज उलट्या दिशेने फिरवून मोजलं, तरी जवळपास तेच. आमच्या लॅबमध्ये आजवर कुणाच्या सोलर सेलने उजेडाची एवढी वीज केली नव्हती.

भाऊ मागून म्हणाला, "मास्क लावलायस ना? नाहीतर आख्ख्या काचेचा उजेड मोजत बसशील."

लावला होता. सेलवरची ती भोक पाडलेली पत्र्याची चकती काढून त्याच्या नाकासमोर धरली.

भाऊ म्हणजे आमचा सीनियर. आमच्या गाइड मॅडमसुद्धा त्याला भाऊच म्हणतात. त्याची स्वतःची वेगळी रेसिपी आहे. त्याचे सेल अठराच्या पुढे जात नाहीत, पण दर वेळी अठरा म्हणजे अठराच.

मॅडमनी माझी काच उजेडात तिरकी धरून बघितली आणि म्हणाल्या, "हा हिचा हातगुण आहे."

शब्द माहीत नव्हता. थँक्यू म्हणून टाकलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आईला विचारलं. "अगं, डॉक्टरच्या हाताला गुण असतो ना, तसं. औषध तेच, पण एकाने दिलं की लागू पडतं आणि दुसऱ्याने दिलं की नाही."

वा! मग काय, घरभर मिरवलं. ताई म्हणाली, "मग आजची भांडी तूच घास. त्यांनाही गुण येऊ दे."

आईने विचारलं, तू नक्की करतेस तरी काय? मराठीत सांगताना माझी तारांबळ उडाली. म्हणून इथे नीट लिहून ठेवते. पेरोव्स्काइट नावाचं मटेरियल असतं. त्याचं पिवळसर पाणी काचेच्या तुकड्यावर टाकायचं, काच गरगर फिरवायची आणि ती फिरत असतानाच ड्रॉपरने दुसरं एक लिक्विड मधोमध सोडायचं. मग गरम केलं की काळीभोर, आरशासारखी फिल्म तयार होते. ती उजेडाची वीज करते. हे सगळं एका बंद काचेच्या पेटीत, पेटीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून करायचं. कारण ह्या मटेरियलला दमट हवेचं वावडं. फिल्म नीट जमली नसेल, तर बाहेर काढल्यावर काठापासून पिवळी पडत जाते. पिवळी झाली की मेली.

"म्हणजे नाजूक प्रकृतीचं आहे," आई म्हणाली. अगदी!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चेंबर रिकामं झालंय. त्यात सेल कडक उजेडात, उष्ण दमट हवेत महिनोन् महिने ठेवतात, टिकतात का बघायला. जागा एकाच रेसिपीला. जी आत जाईल, तिच्यावरच आमचा ग्रुप वर्षभर काम करणार. दुसरी बंद.

मी तर गृहीतच धरलं होतं. एकवीस कुठे, अठरा कुठे!

मॅडम म्हणाल्या, "नाही. तुझा हातगुण आहे, तीच तर अडचण आहे."

मला कळेचना.

"तू आजारी पडलीस तर? फॅक्टरीत काय तुझा हात पाठवायचा? दुसऱ्या कुणाला तुझे सेल जमले पाहिजेत. भाऊ बनवेल. सतरा तारखेपर्यंत त्याच्या हातून वीस टक्के आले, तर तुझी रेसिपी. नाहीतर भाऊची."

म्हणजे सोमवारी कौतुक केलंच नव्हतं. मी चक्क तक्रार घेऊन घरभर नाचले.

ठीक आहे. भाऊला शिकवते. त्यात काय एवढं?

१० फेब्रुवारी, सोमवार

भाऊने केले. पंधरा टक्के. फिल्म धुरकट. बाहेर ठेवली तर संध्याकाळपर्यंत काठ पिवळे. बाटल्या त्याच, स्पीड तोच. मी शेजारी उभी राहून "आता, झटकन सोड" म्हणत होते आणि तो बरोब्बर त्याच क्षणी सोडत होता.

"तुझ्या रेसिपीला मी पसंत नाही बहुतेक," म्हणाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चौदा.

घरी ताई म्हणाली, "त्याचाच पत्ता कापायचा आणि कात्री त्याच्याच हातात? तुमच्या मॅडम पण धन्य आहेत."

आता डोक्यातून जात नाहीये.

१२ फेब्रुवारी, बुधवार

विचारलंच. "भाऊ, मुद्दाम करतोयस का?"

त्याने पेटीतून हात बाहेर काढले. घाम पुसला. "मुद्दाम बिघडवायला आधी जमायला तरी लागतं गं. मला जमतच नाहीये."

सॉरी म्हणायचं राहिलंच. दोघं डबा खायला गेलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पेटीचे नवीन हातमोजे आले, छोट्या साइझचे. लॅबमध्ये आल्या दिवसापासून मागत होते मी! जुन्यात माझी बोटं अर्ध्यातच संपायची, पुढे नुसतं रबर लोंबायचं. आज पहिल्यांदा हात हातासारखा चालला.

आणि सगळे सेल धुरकट. पंधरा टक्के. माझे!

भाऊ बघून गेला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं!!

सकाळी टेबलावरच ड्रॉपरमध्ये साधं पाणी घेऊन बसले. नवीन हातमोज्यात अंगठा दाबला की पिच्च, सगळं एकदम बाहेर. मग जुना हातमोजा चढवून दाबलं. आधी रबर दुमडतं, मग कुठे अंगठा पोचतो आणि पाणी बारीक धारेने सावकाश उतरतं. इतके महिने मला वाटायचं मी झटकन सोडते. सगळ्यांना सांगायचे पण तसंच. हात करत होता एक आणि तोंड सांगत होतं दुसरंच! भाऊचे पंजे मोठे. त्याला जुने हातमोजे अगदी मापाचे. तो बिचारा मी सांगितलं तेच इमानदारीत करत होता.

पेटीला जुने हातमोजे परत चढवले आणि धावत गेले. "भाऊ, झटकन नाही! सावकाश. धार धर."

वीस पॉइंट आठ.

फिल्म इतकी स्वच्छ की त्याने तिच्यात बघून भांग पाडला. मग म्हणाला, "एकदा आलं ते नशीब असू शकतं," आणि स्वतःहून परत बसला. वीस पॉइंट सहा. मग परत. वीस पॉइंट सात. तीन काचा उघड्यावर ठेवून घरी आलो.

सॉरी आज म्हणाले. "कशाबद्दल?" म्हणाला. नाटकी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काठ काळेच.

मॅडमनी सांगून टाकलं, माझी रेसिपी. मी उडी मारणार होते, पण भाऊ त्याच्या डब्यांवरची लेबलं सोलत होता. "अठरावाल्यांचा निरोप समारंभ," म्हणाला. तीन वर्षांचं काम आहे त्याचं. मी लेबलं सोलायला बसले त्याच्याबरोबर.

जाता जाता मॅडम म्हणाल्या, "उद्या चेंबर सुरू करू. तुझे एकवीसवाले ठेव आत."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चेंबर सुरू झालं. आत सहा सेल. सहाही भाऊच्या हातचे. माझा एकही नाही.

मीच नको म्हणाले.