लाल बटणावरचं झाकण

प्रिय रिबू,

या नावाने हाक मारलेली तुला आवडत नाही, ठाऊक आहे. पण पूर्ण नावाने सुरुवात केली तर शाळेला लिहिल्यासारखं वाटायला लागलं, आणि शाळेला मी गेल्या आठ महिन्यांत पुष्कळ लिहिलंय. मराठीत लिहितोय तेही त्यासाठीच. इंग्रजीत मी काहीही लिहिलं की त्याचा रिपोर्ट होतो. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, तर लागू दे. हे घाईने वाचायचं नाहीच.

रविवारी लीना आत्याचा फोन आला होता. तक्रार करायला नव्हे. तुझं मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीच्या शाळेत बरं चाललंय, घरात मदत करतेस, असं कौतुकच करत होती. बोलता बोलता म्हणाली, अरे नॉर्बर्ट, ही पोर मोबाइलवर स्टॉपवॉच लावून कपाटाची कडी उघडते, सीटबेल्ट सोडते, बरणीचं झाकण काढते आणि किती सेकंद लागले ते वहीत लिहिते, हे कसलं खूळ आहे? मी म्हटलं, फिजिक्सचं काहीतरी असेल. फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसलो. श्रियाची दोन बोटं गेली ती तुला बटण दाबायला उशीर झाला म्हणून, असं तू धरून बसली आहेस. मला वाटलं होतं, सिडनी सोडलंस की ते सुटेल. खरं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं.

शाळेच्या रोबो टीमची जानेवारीतली ती शेड आठवते का तुला? पत्रा इतका तापायचा की पाना हातात धरवत नसे. यंदाच्या स्पर्धेच्या मैदानात मधोमध आडवा उंचवटा होता, वीतभर उंच, दोन्हीकडे उतार. एक तर रोबोने तो ओलांडायचा, नाहीतर लांबून वळसा घालून दांडीखालून जायचं. आसपासच्या सगळ्या शाळा वळसाच घालणार होत्या. श्रिया टेबलावर बसून पाय हलवत म्हणाली, नो वे, वी गो ओव्हर. तू दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचा रोबो कापून आणलास आणि माथ्यावर त्याचं पोट टेकून चाकं हवेत कशी राहतात ते सगळ्यांना दाखवलंस. मग मधली चाकं जरा खाली घेतली, पोट वर उचललं, आणि तिसऱ्या आठवड्यात ते धूड पहिल्यांदा पलीकडे उतरलं. तुम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलात. मीही शेडच्या कोपऱ्यात डोळे पुसले, ते तुला कधी सांगितलं नाही.

माझं तुला माहीतच आहे. वसईच्या वर्कशॉपमध्ये बारा वर्षं मशिनं उघडली, बंद केली. इथे पॅरामॅटाच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांनी दुरुस्त केलेल्या मशिनांच्या याद्या भरतो. शनिवारी शेडमध्ये आलो की हात शिवशिवायचे. माझ्यासारख्या मेंटरने रोबोला हात लावायचा नाही, आणि कोणीही काहीही बदललं तर ते फळ्यावर लिहायचं, हे दोन्ही नियम मीच मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावले होते. तू सेफ्टी कॅप्टन. चष्मा न घालता आत आलेल्या प्रिन्सिपॉलना तू शेडबाहेर काढलंस, तेव्हा मी घरी येऊन मम्मीला तीनदा सांगितलं होतं.

आणि ते लाल बटण. रोबो उंचवट्यावरून खाली आपटला की वरचा हात झुकायचा, नेमका मेन स्विचच्या बटणावर, आणि सगळं बंद. भर मॅचमध्ये असं झालं तर रोबो तिथेच मेला. तू त्या बटणावर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण केलंस, बिजागरी आणि मॅग्नेट लावून. एका बोटाने उघडेल असं. सुंदर काम होतं. फक्त जोरात आपटलं की मॅग्नेट सुटायचा, झाकण उघडायचं आणि हात पुन्हा बटणावर. स्पर्धा गुरुवारी होती. त्याआधीच्या शनिवारी सकाळी तू मम्मीबरोबर मोठे मॅग्नेट आणायला गेलीस.

तू परत आलीस तेव्हा रोबो चार वेळा उंचवटा ओलांडून झाला होता आणि एकदाही बंद पडला नव्हता. तू मॅग्नेट बसवायला निघालीस. मी म्हटलं, आत्ता टिकतंय ना, एक फेरी अजून होऊ दे, मग बसव. तू पुडी खिशात घातलीस आणि तुझ्या जागेवर, बटणाच्या बाजूला जाऊन उभी राहिलीस.

पुढचं तुला सांगायची गरज नाही, तरी लिहितो, कारण मी ते आजवर कधी नीट उच्चारलं नाही. पाचव्या फेरीला माथ्यावर पोट टेकलं. रोबो चालवणाऱ्या कुशलने रिमोट खाली ठेवला. श्रियाला वाटलं, थांबला. ती अडकलेला पट्टा काढायला वाकली. पण लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम चालूच होता, चाकं फिरली आणि साखळीने तिचा हात आत घेतला. तू बटणाकडे झेपावलीस. तू एका बोटाने झाकण उचललंस, मग चार बोटांनी, मग दोन्ही हातांनी ओढलंस. मी शेडच्या दुसऱ्या टोकाला होतो. पळत येऊन बॅटरीची वायर उपटली. कॅमेऱ्यात ते आठ सेकंद आहेत. ते आवाज मला अजून ऐकू येतात, श्रियाचा आणि तुझा.

तुम्ही सगळे ॲम्ब्युलन्सच्या मागे गेलात. शेड बंद करायला मी मागे राहिलो. सोमवारी सेफ्टीच्या इन्स्पेक्टर बाई आल्या, त्यांनी झाकणाला बोट लावलं आणि ते अलगद उघडलं. तू पुन्हा पुन्हा सांगत होतीस, इट वुडन्ट ओपन, इट वुडन्ट ओपन. ती बाई चांगली होती, हळू आवाजात म्हणाली, डार्लिंग, घाबरल्यावर हात चालत नाहीत, कोणाचेच नाहीत. आणि तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्या शेजारच्याच खुर्चीवर होतो. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, होतं असं, बाळा. त्यानंतर तू तुझा जबाब बदललास. कदाचित मी चुकीच्या बाजूने ओढत असेन, असं तू त्यांना लिहून दिलंस. मी पालक म्हणून खाली सही केली.

रिबू, तू दुकानात गेली होतीस तेव्हा मी त्या झाकणाला खालच्या अंगाने दोन केबल टाय लावले होते. बारीक, पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, करकचून ओढलेल्या. तू परत येईपर्यंत वेळ फुकट जाऊ नये, एवढाच विचार होता. वर्कशॉपमध्ये असं शंभर वेळा केलंय. फळ्यावर लिहिलं नाही, कारण मुलांसमोर माझाच नियम मोडला असता, आणि तू ओरडली असतीस. तू आलीस तेव्हा सांगणार होतो. रोबो इतका छान चालला होता, मुलं मला अंकल यू लेजंड म्हणत होती, आणि मी मूग गिळून बसलो. तुम्ही गेल्यावर मी ते टाय कापले. जे करतोय ते मला पुरतं कळत होतं.

मम्मीला वाटतं गुडघ्यांमुळे मी चर्चमध्ये मिस्साला मागे बसतो. आठ महिने मी कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठलेलो नाही. इस्टरच्या आधी एकदा कन्फेशनला गेलो. फादर म्हणाले, देवाला हे माहीतच आहे, नॉर्बर्ट, ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन सांग. मी हो म्हणून बाहेर आलो आणि सांगितलं नाही. कामाचं, पोलिसांचं, श्रियाच्या आईवडिलांच्या चेहऱ्यांचं भय होतं. पण सगळ्यांत जास्त तुझं होतं. तू स्वतःला दोष देत होतीस तोपर्यंत तू निदान माझ्याशी बोलत होतीस. असा नीच विचार बाप करू शकतो हे मला आधी माहीत नव्हतं.

उद्या, मंगळवारी, मी इन्स्पेक्टरकडे जबाब द्यायला जातोय आणि तिथून थेट श्रियाच्या घरी. ते तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये म्हणून आज हे लिहिलं. मम्मीला सकाळीच सांगितलं. तिने मेलबर्नचं एकच तिकीट काढलंय आणि हे पत्र तीच तुझ्या हातात देईल. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, फोनही करणार नाही, तू करेपर्यंत. मी फक्त तुझा जबाब तुला परत करतोय. ते झाकण उघडत नव्हतं. ते कोणाच्याही हाताने उघडलं नसतं. तू पहिल्यांदा सांगितलंस तेच खरं होतं.

अजूनही तुझाच म्हणवून घेणारा,
पप्पा